अरफजची राखण



कुवेत म्हटले की आपल्या कोकणच्या माणसाला प्रथम दिनार आठवतो. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या भागांतले कितीतरी मुसलमान शेजारी तिकडे नोकरीला गेले, आणि त्यांनी पाठवलेल्या पैशांवर गावोगावी कौलांच्या जागी स्लॅब आले. त्याही आधी कुवेतची गलबते खजूर घेऊन मुंबई बंदरात येत आणि मलबारचे सागवान घेऊन परत जात. 1961 सालापर्यंत तर त्या देशात हिंदुस्थानी रुपयाच चाले. शेवटची दोन वर्षे तेवढा आखातासाठी वेगळा छापलेला होता. इतका जुना संबंध असूनही तेल, उष्मा आणि दिनार यांपलीकडे त्या देशाचे आपल्याला फारसे काही ठाऊक नसते. त्या वाळवंटाला स्वतःचे असे एक फूल आहे असे कोणी सांगितले, तर आपल्यापैकी बरेच जण हसतील.

फूल आहे. त्याचे नाव अरफज. कुवेतचे राष्ट्रीय फूल म्हणून ते ओळखले जाते. शेवंती, सूर्यफूल यांच्या कुळातले हे झुडूप फार तर अडीच फूट उंच वाढते. फांद्या पांढुरक्या, बारीक आणि एकमेकींत गुंतलेल्या असतात, पाने अगदी लहान आणि फुले पिवळीधमक. एकेक फूल बोटाच्या पेराहून मोठे नसते, पण वसंताच्या शेवटी सगळे माळरान एकदम फुलले की दूरवर हळद सांडल्यासारखी दिसते, असे पाहणारे सांगतात. ज्यांनी घाटावरचा तरवड पाहिला आहे, त्यांना या रंगाची कल्पना येईल. तरवडही असाच दुष्काळी, कोणी न लावलेला, मुरमाड जमिनीत आपल्या बळावर उभा असतो.

तरवड आणि अरफज यांच्यात एक मोठा भेद मात्र आहे, आणि या लेखाचे सारे कारण त्या भेदातच आहे. तरवडाला गुरे सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून तो माळावर टिकला. अरफज उंटांना आणि मेंढ्यांना फार आवडतो, शिवाय त्याचे सरपण चांगले पेटते. जे झुडूप कोणाच्या उपयोगी नाही ते वाचले, आणि जे सगळ्यांच्या उपयोगी पडले ते संपत आले. माणसांच्या बाबतीतही असे घडलेले आपण पाहतो, पण तो विषय येथे नको.

अरफजच्या आगीविषयी जुन्या अरबी ग्रंथकारांनी एक गमतीचे नाव नोंदवून ठेवले आहे. तिला ते ‘दोन सरकण्यांची आग’ म्हणत. अरफज पेटला की ज्वाळा भडकन् उठते, म्हणून भोवती बसलेला माणूस मागे सरकतो. क्षणभरात ती विझू लागते, म्हणून तो पुन्हा पुढे सरकतो. या नावावरून कळते की शेकडो वर्षे थंडीच्या रात्री त्या वाळवंटातल्या माणसाने अरफजच जाळला. त्याच्याजवळ दुसरे जाळायला काही नव्हते. तरीही झुडूप टिकून होते, कारण जाळणारी माणसे थोडी होती, आणि पाऊस पडेल तिकडे कळप घेऊन ती पुढे निघून जात.

मग तेल निघाले. निर्यात 1946 साली सुरू झाली. पाण्याचे टँकर आले, गाड्या आल्या, आणि कळपाला एकाच जागी बारा महिने ठेवणे शक्य झाले. पूर्वी पाणी संपले की कळप हलवावाच लागे आणि झुडपाला आपोआप विसावा मिळे. आता पाणीच कळपापाशी येऊ लागले, तेव्हा तो विसावा संपला. त्यात रेती-खडीच्या खाणी आल्या. शहरात राहायला गेलेला कुवेती माणूस आजही नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत वाळवंटात तंबू ठोकून राहतो, आणि ते तंबूही दर वर्षी वाढत गेले. 1974 साली प्रसिद्ध झालेल्या वनस्पतींच्या पाहणीत देशाच्या जवळजवळ एक तृतीयांश भूमीवर अरफजचे राज्य होते. 2001 सालच्या नकाशात ते शंभरात दोन-तीन भागांवर आले. एका माणसाच्या अर्ध्या आयुष्यात एवढा फरक पडला.

या साऱ्यात दुष्टपणा कोठे दिसत नाही. तंबू ठोकणारी कुटुंबे वाळवंटावर प्रेम करणारी आहेत. आजा-पणज्याचे जगणे मुलांना दाखवावे, तारे पाहावेत, शेकोटीभोवती चहा प्यावा, एवढ्यासाठी ती जातात. परंतु गाडीचे चाक एकदा झुडपावरून गेले की खालची माती दबून घट्ट होते आणि पावसाचे पाणी आत मुरत नाही. तंबूंचा मोसम सुरू होतो तेव्हा उन्हाळ्याने अरफजची पाने गळालेली असतात आणि तो वाळलेल्या काटक्यांसारखा दिसतो. मेलेलाच आहे असे समजून लोक तो उपटतात आणि शेकोटीत टाकतात. तो मेलेला नसतो, पावसाची वाट पाहत असतो. पहिल्या सरी आल्या की त्याच काटक्यांना हिरवे कोंब फुटतात, आणि फुले धरतात ती एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे तंबू उठून गेल्यावर. झुडूप ज्या रूपात सुंदर असते त्या रूपात त्याला जाळणाऱ्याने बहुधा पाहिलेलेच नसते.

आता प्रश्न असा आहे. ज्याला फळ नाही, बसण्याजोगी सावली नाही आणि ज्याचा कोणी मालक नाही, अशा झुडपाची राखण करण्याचे कर्तव्य कोणावर येते? आणि राखण करायची म्हणजे नेमके काय करायचे?

तोराची साक्ष काढावी तर देवारीमच्या विसाव्या अध्यायात युद्धाच्या वेळच्या झाडांविषयी आज्ञा आहे, ती आपल्याला ठाऊक आहे. नगराला वेढा घातला असतानाही फळझाड तोडू नये, असे तेथे सांगितले आहे. परंतु त्याच ठिकाणी पुढे, ज्याचे फळ खाण्याजोगे नाही ते झाड वेढ्याच्या कामासाठी तोडण्यास मोकळीकही दिलेली आहे. अक्षराला धरून चालणारा मनुष्य म्हणेल की अरफज या दुसऱ्या वर्गात पडतो आणि त्याला आज्ञेचे संरक्षण नाही. आपल्या रब्बींनी मात्र त्या आज्ञेचा अर्थ अक्षरापाशी थांबू दिला नाही. रांबामने भांडी फोडणे, कपडे फाडणे, झरा बुजवणे आणि अन्नाची नासाडी करणे हेही त्याच मनाईत घेतले आहे. वस्तू मोलाची आहे की नाही एवढेच त्याने पाहिले नाही, नाश करण्याची गरज होती का हेही पाहिले.

ही कसोटी मला येथे फार उपयोगी वाटते. 1930 साली हिवाळ्याच्या रात्री मुलाबाळांसह उघड्यावर असलेल्या बदाउनीने अरफज जाळला तर ती गरज होती. आज वातानुकूलित गाडीतून आलेल्या, बरोबर गॅसची शेगडी आणि दुकानातला कोळसा असलेल्या माणसाने तोच अरफज केवळ जुन्या काळाची हौस म्हणून जाळला, तर कृत्य तेच आणि आगही तीच, परंतु न्याय निराळा होतो. कुवेतच्या 2014 सालच्या 42 क्रमांकाच्या पर्यावरण कायद्याने रानटी वनस्पतींचा असा नाश दंडनीय ठरवला आहे. कायदा झाला हे चांगलेच झाले. पण वाळवंटात मध्यरात्री झुडूप उपटणाऱ्या हातापाशी कायदा उभा नसतो, तेथे ज्याचा त्याचा हातच असतो.

राखण म्हणजे काय करायचे, हे पाहण्यासाठी अरफज लावतात कसा ते थोडे पाहू. कुवेतच्या वैज्ञानिक संशोधन संस्थेने या कामी पुष्कळ वर्षे घालवली आहेत. बी सुटे पडत नाही. वाळलेले फूल बोंडासारखे अख्खे गळते आणि वाऱ्याबरोबर वाळूत गडगडत जाते. त्या बोंडात काही थोडी बिये असतात. बोंड तसेच पेरले तर फार थोडी उगवतात, बाकीची पुढच्या पावसासाठी मागे राहतात. पावसाचा भरवसा नसलेल्या मुलखात सगळे भांडवल एका वर्षात लावायचे नाही, ही अक्कल त्या बोंडाला आहे. रोपे करायची असतील तर बिये हलक्या हाताने बोंडातून वेगळी काढतात, रोपवाटिकेत वाढवतात आणि थंडीच्या तोंडावर, पावसाच्या दिवसांत, वाळूच्या जमिनीत लावतात. खत लागत नाही. पहिल्या हंगामात बेताने पाणी द्यावे आणि मग हळूहळू तोडावे. उन्हाळ्यात पाने गळाली म्हणून घाबरून रोज पाणी ओतू नये, त्याने मुळे कुजण्याचा धोका असतो. जनावरांपासून मात्र रोप जपलेच पाहिजे, आणि तेही एक हंगाम जपून भागत नाही.

पाणी बेताने द्यायचे, पुढे द्यायचे नाही, खत घालायचे नाही, उपटायचे नाही, तुडवायचे नाही, चारायचे नाही. या झुडपाच्या सेवेत करण्याच्या गोष्टी दोन-तीन, न करण्याच्या पाच-सहा. कोकणात जन्मलेल्या माणसाला ही शेती समजणे जड जाते. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेथे माळ्याचे सारे कौशल्य वाढ आवरण्यात असते. कुवेतला तो शंभर-सव्वाशे मिलिमीटर पडला तर पडतो, आणि मित्रिबा या ठिकाणी 21 जुलै 2016 रोजी 53.9 अंश सेल्सियस उष्मा मोजला गेला आहे. अशा ठिकाणी जिवंत राहण्याची विद्या झुडपाला आपल्यापेक्षा जास्त येते, माणसाने फक्त त्याच्या आड येऊ नये. उलट शहर हिरवे दिसावे म्हणून तिकडे रस्तोरस्ती परदेशी कोनोकार्पस लावला गेला. तो भराभर वाढला, आणि मग त्याच्या मुळांनी नळ आणि गटारे फोडल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. डोळ्यांना दिसणारे चांगले काम करण्याची हौस माणसाला फार असते. आपल्याकडेही केरेन कायेमेतच्या नावे पैसे भरून झाड लावले की छान प्रमाणपत्र मिळते, ते आपण भिंतीवर लावतो. एखादे झुडूप तोडले नाही याचे प्रमाणपत्र कोण देणार?

आणि तरी न करणे हेही करणेच आहे, हे बेने इस्राएलांना कोणी शिकवायला नको. आपल्या वाडवडिलांजवळ कोकणात तोराची गुंडाळी नव्हती, रब्बी नव्हता, पुष्कळ सण-विधी विस्मरणात गेले होते. शनिवारी घाणा चालवायचा नाही, हे मात्र त्यांनी सोडले नाही. तेली तर गावोगावी होते. परंतु आपले लोक ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले ते त्या एका दिवशी घाणा बंद ठेवण्यावरून. बंद घाणा हे बाहेरच्याला काहीच नव्हे, फक्त एक दिवसाचे बुडालेले तेल. पण त्या बुडालेल्या तेलावर आपली ओळख शतकानुशतके तगली.

जमिनीच्या बाबतीत हेच तत्त्व शमितेच्या सातव्या वर्षी लागू होते. आपल्या देशात 2021-22 साली ते पाळले गेले, पुढचे 2028-29 मध्ये येईल. अरबस्तानातही ‘हिमा’ नावाची फार जुनी चाल आहे. टोळीने ठराविक कुरण ठराविक काळ बंद ठेवायचे, दुष्काळ पडला तर ठरवून उघडायचे. आपल्या कोकणातली देवराई याच जातीची, तेथली वाळकी फांदीसुद्धा कोणी उचलत नसे. तीन निरनिराळ्या धर्मांच्या लोकांनी आपापल्या जागी एकच गोष्ट ओळखली की सर्वांच्या मालकीची वस्तू टिकवायची तर सर्वांनी कधीतरी तिच्यापासून दूर राहिले पाहिजे. जहराच्या उत्तरेला समुद्रालगत सबाह अल-अहमद यांच्या नावाचे जे राखीव रान आहे, तेथे आणि कुंपण घातलेल्या तेलक्षेत्रांत झाडोरा बाहेरच्यापेक्षा उघड दाट दिसतो. तेलक्षेत्राचे कुंपण काही झुडपाच्या मायेने घातलेले नाही. तरी झुडपाला तेवढे पुरते.

येथे एका अडचणीची गोष्ट बोलायला हवी, नाहीतर हा सारा उपदेश पोट भरलेल्या माणसाचा ठरेल. कुंपण घातले की कोणीतरी बाहेर राहतो. 1950 साली आपल्या कनेसेतने शेळ्यांमुळे झाडोऱ्याचे नुकसान होते म्हणून कायदा केला आणि काळ्या शेळ्यांच्या चरण्यावर कडक बंधने घातली. त्याचा भार पडला तो बहुतांशी बदाउनी आणि अरब मेंढपाळांवर. पुढे कारमेलच्या 2010 सालच्या वणव्यानंतर लोकांच्या ध्यानात आले की शेळ्या नाहीशा झाल्याने खालची झुडपे माजली, वाळली आणि आगीला सरपण झाली. 2018 साली तो कायदा रद्द झाला. तेव्हा चरणारे जनावर हेच पाप, असे समजू नये. चूक चरण्यात नाही, न थांबता चरण्यात आहे. आणि थांबायचे कोणी पहिले, हा खरा प्रश्न आहे. माझे मत असे की ज्याची गरज सर्वांत कमी, त्याने पहिले थांबावे. आधी हौशी गाड्या आणि हौशी शेकोट्या थांबाव्यात, मग हौसेखातर पाळलेले कळप, आणि अगदी शेवटी तो, ज्याची भाकर त्यावर आहे.

दुसरी अडचण परकेपणाची आहे. कुवेतमध्ये राहणाऱ्या माणसांत निम्म्याहून कितीतरी अधिक लोक बाहेरचे आहेत, आणि त्यांत हिंदी लोक सर्वांत जास्त. नोकरी संपली की परवाना संपतो, परवाना संपला की विमान. अशा माणसाने त्या मातीची काळजी का करावी? आणि आपण, ज्यांना इस्राएली पारपत्रावर त्या देशात पाऊलही टाकता येत नाही, आपण तरी तिथल्या झुडपाचा विचार कशाला करावा?

पहिल्याचे उत्तर एका बाईच्या आयुष्यात सापडते. व्हायोलेट डिक्सन 1929 साली ब्रिटिश पोलिटिकल एजंटाची पत्नी म्हणून कुवेतला आली. पती 1959 मध्ये वारले तरी ती तेथेच राहिली, थेट 1990 पर्यंत. तिने बदाउनी बायकांकडून झुडपांची नावे शिकून घेतली, नमुने वाळवून लंडनच्या क्यू उद्यानाला पाठवले, आणि 1955 साली कुवेत-बहरीनच्या रानफुलांवर पुस्तक लिहिले. एका रानफुलाच्या शास्त्रीय नावात तिचे नाव आजही आहे. ती माती तिची नव्हती. यिर्मयाने बाबेलच्या बंदिवानांना पत्र लिहून कळवले होते की तेथे घरे बांधा, मळे लावा, आणि ज्या नगरात आहात त्याचे कल्याण इच्छा. त्या मळ्यांचे फळ खायला तरी मिळणार होते. व्हायोलेटबाईंना अरफजचे काय मिळणार होते?

दुसऱ्याचे उत्तर मी 1991 सालात शोधतो. जानेवारी-फेब्रुवारीत आपण खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून, मुलांच्या तोंडावर गॅसचे मुखवटे चढवून बंद खोल्यांत बसलो होतो. त्याच युद्धात माघार घेणाऱ्या इराकी फौजेने कुवेतच्या सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या. शेवटची विहीर 6 नोव्हेंबरला बंद झाली. तेलाची तळी साचली, काजळी आणि वाळू मिळून जमिनीवर डांबरी कवच बसले, रणगाडे आणि खंदकांनी उरलेले माळरान उलथले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाने निसर्गाच्या हानीसाठी कुवेतला सुमारे तीन अब्ज डॉलर मंजूर केले, आणि त्यांतून जमीन शुद्ध करून पुन्हा झुडपे लावण्याचे काम चालू झाले. इराकने आयोगाचा शेवटचा हप्ता 2022 च्या जानेवारीत फेडला. ज्या झुडपाला बाजारात कवडीची किंमत नव्हती, त्याच्या नाशाचा हिशेब न्यायाच्या वहीत चढला. ज्या हाताने आपल्या छपरांवर क्षेपणास्त्रे टाकली, त्याच हाताने ते माळ जाळले. हे ऐकूनही ते झुडूप आपल्याला पूर्णपणे परके वाटेल काय?

मात्र त्या वहीत युद्धाचा हिशेब आहे, शेकोट्यांचा नाही. रोज थोडेथोडे होणारे नुकसान कोणत्याच आयोगापुढे जात नाही. आणि तेथे एक माणूस राहून जातो. त्या वाळवंटात आज मेंढ्यांमागे फिरणारा पुष्कळदा मेंढ्यांचा मालक नसतो. तो हिंदुस्थान, बांगलादेश किंवा सुदान येथून आलेला, महिन्याच्या पगारावरचा गडी असतो. कळप त्याचा नाही, जमीन त्याची नाही, झुडूप त्याच्या गावचे नाही, आणि कळप उपाशी राहिला तर बोलणी मात्र त्याने खायची. कुंपणाशी येऊन थांबणारा, किंवा न थांबणारा, हात शेवटी त्याचाच. ऑक्टोबरात समोर दिसणाऱ्या त्या वाळक्या काटक्या जिवंत आहेत, हे त्याला त्याच्या भाषेत कधी कोणी सांगितले असेल काय?